पं-१४ चा फॉर्म

चाळीस फॉर्मांपैकी एकोणचाळीस फॉर्मांवर वीसच्या वीस वाक्यांसमोर 'पूर्णपणे सहमत' या रकान्यात खूण होती. मी ते टेबलावर ओळीनं मांडले, गोळा केले, पुन्हा मांडले, खिडकीपाशी नेऊन पाहिले. पेनं वेगवेगळी होती. कोणी बरोबरची खूण केली होती, कोणी फुली. उत्तर मात्र एकच.

"काय रे शिरभाते, पत्ते मांडलेस का?" माझे थिसिसचे गाइड मोहरील सर दारातून म्हणाले.

"सर, नर्सिंगच्या मुलींचे फॉर्म आलेत. सगळ्या जणी सगळ्याशी सहमत आहेत."

"मग चांगलं आहे की."

"सर, तिसरं वाक्य आहे, 'एकत्र शिकल्यानं रुग्णाचा फायदा होतो.' आणि अकरावं आहे, 'एकत्र शिकणं म्हणजे वेळेची नासाडी.' दोन्हीशी पूर्णपणे सहमत."

सर हसले. "वाचलंच नाही त्यांनी. अरे, उलटी वाक्यं आपण त्यासाठीच तर टाकली होती. सगळीकडे एकच खूण, तो फॉर्म बाद. नियम तूच लिहिलायस."

"नियम लावला तर माझ्या थिसिसमध्ये नर्सिंगची एकच मुलगी उरते."

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी पीएसएम विभागात एमडी करत होतो. पीएसएम म्हणजे लसी, साथी आणि पाहण्या. ज्यांना वॉर्डात फार घाम गाळायचा नसतो ते हा विषय घेतात असं बाकीचे म्हणत, आणि माझ्यापुरतं ते खोटं नव्हतं. माझा विषय होता डॉक्टर, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना एकमेकांबरोबर शिकावंसं वाटतं का, हे मोजण्याचा. आधी सगळ्यांनी एक फॉर्म भरायचा. मग प्रत्येक शाखेतले आठ विद्यार्थी निवडून त्यांना सहा आठवडे आयसीयूत एकत्र ठेवायचं, आणि शेवटी पुन्हा तोच फॉर्म भरून घ्यायचा. मत सुधारलं तर मी पास.

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. दोन्ही वेळचे फॉर्म जुळवता यावेत म्हणून मी एक खूण ठरवली होती, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्माची तारीख. या युक्तीचा मला फार अभिमान होता. पहिल्या पानावर मी ठळक अक्षरात छापून घेतलं होतं, 'तुमचं नाव कोणालाही कळणार नाही.'

उरलेल्या त्या एका फॉर्मवर पं-१४ अशी खूण होती.

या मुलीनं प्रत्येक वाक्य वाचलं होतं. कुठं सहमत, कुठं असहमत, दोन ठिकाणी 'सांगता येत नाही'. 'वेळेची नासाडी' या वाक्यासमोर 'पूर्णपणे असहमत'. नववं वाक्य होतं, 'मी इतर शाखांच्या विद्यार्थ्यांशी मोकळेपणानं बोलू शकते.' त्यापुढं 'सहमत' होतं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बोलू शकते. ते ऐकतात का, हे विचारलं नाही."

मी ते तीनदा वाचलं. चार महिने खपून मी ती वीस वाक्यं तयार केली होती. तीन प्राध्यापकांनी ती तपासली होती. ऐकण्याबद्दल एकही वाक्य नाही, हे आम्हा चौघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आधी मला लाज वाटली आणि मग आनंद झाला, आणि आनंद झाला की माझं डोकं काम करेनासं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सिंग कॉलेजात गेलो. तिसऱ्या वर्षाचा वर्ग भरला होता. मागच्या बाकावर त्यांच्या ट्यूटर ढोके मॅडम हजेरीपट घेऊन बसल्या होत्या. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई, आवाज कधी न चढवणारी.

"पं-चौदा कोण?" मी विचारलं.

कोणी हललं नाही.

"अरे, रागवायला नाही, कौतुक करायला विचारतोय. या फॉर्मसारखा फॉर्म मला हवा होता."

एकाही मुलीनं मान वळवून कोणाकडं पाहिलं नाही. चाळीस मुली आणि एक मान वळत नाही, याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता. मला वाटलं, लाजताहेत. ढोके मॅडमचं पेन थांबलं होतं.

तिसऱ्या बाकावरची एक सावळी, बारकी मुलगी उठून उभी राहिली. "प्रणिता इंगोले, सर."

"पं कशाचा?"

"पंचफुला. माही आई."

"हे समासात लिहावंसं का वाटलं तुला?"

ती गोंधळली. "फॉर्मवर होतं नं सर, का वाक्य नीट वाचून उत्तर द्या. मी वाचलं."

मी तिचा फॉर्म सगळ्यांना वाचून दाखवला. नववं वाक्य आणि समासातलं तर दोनदा वाचलं. मग कोरे फॉर्म वाटायला ठेवले, तिच्या फॉर्मची झेरॉक्स ढोके मॅडमच्या हातात दिली आणि म्हणालो, "मॅडम, हा नमुना. असा मोकळेपणानं भरा म्हणावं. शुक्रवारपर्यंत चालेल."

"बरं सर," मॅडम म्हणाल्या.

जिन्यात प्रणितानं मला गाठलं. "सर, एक इचारू का? त्या आठ जणीत माहं नाव लागन का? मार्कात मी तिसरी आहो."

"तुला का यायचंय?"

"आयसीयूचं पत्र भेटलं का नोकरीले कामी येते." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् मले पाहाचं आहे सर, डॉक्टर पोरं पेशंटजवळ उभे राहून काय पाह्यतात ते. आमी बीपी लिहितो, लघवी लिहितो. ते वाचून त्याइले काय समजते, ते आमाले कोणी सांगतच नाही."

"तुझं नाव नक्की लागेल," मी म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. यादी करणं माझ्या हातात नव्हतं, ती मोहरील सर करणार होते.

पण म्हणून तर मी दुपारी तो फॉर्म घेऊन थेट सरांकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून समासातलं वाक्य वाचलं.

"हुशार आहे," ते म्हणाले. "कोण ही?"

"प्रणिता इंगोले, सर. तिसरं वर्ष."

नाव तोंडातून गेलं आणि मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंही नाही. सरांनी वर्तमानपत्राच्या कडेला ते लिहून ठेवलं. मी खूश होऊन बाहेर आलो.

शुक्रवारी चाळीस फॉर्मांचा गठ्ठा आला. पहिला उघडला आणि मला हायसं वाटलं. कुठं सहमत, कुठं असहमत, दोन ठिकाणी 'सांगता येत नाही'. नवव्या वाक्याच्या समासात लिहिलं होतं, "बोलू शकते. ते ऐकतात का, हे विचारलं नाही." वरची खूण होती सु-३.

मला वाटलं, प्रणितानं खूण चुकवली.

दुसरा फॉर्म उघडला. ल-२२. सहमत, असहमत, दोन ठिकाणी 'सांगता येत नाही'. समासात तेच वाक्य.

तिसराही तसाच. दहाव्या फॉर्मपर्यंत माझे कान तापले होते. एकोणचाळीस फॉर्म, एकोणचाळीस अक्षरं, आणि प्रत्येकाच्या समासात, "बोलू शकते. ते ऐकतात का, हे विचारलं नाही." कोणी निळ्या शाईनं, कोणी काळ्या. एकीनं 'ऐकतात'खाली दोनदा रेघ ओढली होती, इतकी दाबून की कागद फाटला होता. मूळ फॉर्मवर ती रेघ नव्हती. मी तो काढून ताडून पाहिलं.

चाळिसावा फॉर्म तळाशी होता. वीसच्या वीस वाक्यांपुढं 'पूर्णपणे सहमत'. समास कोरा. खूण पं-१४.

आगीतून फुफाट्यात पडलो होतो, इतकं समजत होतं. फुफाटा नेमका कसला, ते कळत नव्हतं. ही चेष्टा आहे का? संप आहे का? चाळीस मुलींनी ठरवून मला मूर्ख बनवलं म्हणावं, तर माझ्यासारख्याला मूर्ख बनवायला एवढ्या कष्टांची गरज नव्हती.

मोहरील सरांनी मात्र गठ्ठा भराभर चाळला. "चांगलं आलंय की. एकोणचाळीस फॉर्म वापरता येतात. उत्तरांत फरक आहे, उलटी वाक्यंही नीट वाचलीत. एकच बाद."

"सर, पण बाद होतोय तो तिचाच. पहिल्यांदा तिनं एकटीनं वाचून भरला होता."

"पहिले फॉर्म तूच रद्द केलेस ना? मग आता हातात आहे ते मोज. सगळीकडे एकच खूण, फॉर्म बाद." आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला. "ही आयसीयूची यादी. बोर्डावर लाव."

नर्सिंगची आठ नावं होती. इंगोले नव्हती. चौथी, सहावी, नववी आलेली मुलगी होती, तिसरी नव्हती.

"सर, इंगोले?"

"आयसीयू आहे रे ते. तिथल्या रेसिडेंट डॉक्टरला जेवायला वेळ नसतो. आज ही कागदावर विचारते, ऐकतात का. उद्या भर राउंडमध्ये तोंडावर विचारेल."

"सर, पण एकत्र शिकायचं म्हणजे..."

"एकत्र शिकायला आधी एकत्र नांदता आलं पाहिजे." सर रागावलेले नव्हते. ते माझ्याशी नेहमीच प्रेमानं बोलत. "आणि तूच बघ ना, चार दिवसांपूर्वी एक लिहिलं, आज भलतंच. मुलगी लहरी दिसते."

यादी खिशात घालून मी ढोके मॅडमकडं गेलो. त्या मुलींच्या प्रोसिजर वह्या तपासत होत्या. मी एकोणचाळीस फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे काय आहे?"

"तुम्ही सांगितलं तसं केलं."

"मी त्यांचं मत मागितलं होतं."

"तुम्ही नमुना दिला, सर." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बेड कसा लावायचा, सलाइनची सुई कशी धरायची, सगळं मी नमुन्यानं शिकवते. चाळीस जणींनी चाळीस तऱ्हेनं बेड लावले तर वॉर्ड चालंल का? तुम्ही म्हणाले, असा फॉर्म पाहिजे. त्यांनी तसा दिला."

"आणि पहिल्या वेळी? ते सगळं पूर्णपणे सहमत?"

"ते मी सांगितलं होतं."

हे त्या अगदी सरळपणे बोलल्या. मग त्यांनी मला खुर्ची दाखवली.

"पाच वर्षांपूर्वी एक कमिटी आली होती," त्या म्हणाल्या. "होस्टेलबद्दल फॉर्म भरून घेतला. नाव लिहू नका, मोकळेपणानं लिहा म्हणे. एका पोरीनं लिहिलं, मेसच्या वरणात अळ्या निघतात. खरं होतं ते, मी सोता पाहिल्या होत्या. आठ दिवसांत अक्षरावरून पोरगी शोधली. हजेरी कमी दाखवून परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष गेलं तिचं. बापानं मग पाठवलीच नाही तिला."

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी स्टीलचे ट्रे एकावर एक रचत होतं.

"तेव्हापासून बाहेरचा कोणताही कागद आला का मी सांगून ठेवते, सगळ्यांनी एकच उत्तर लिहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस सारख्या फॉर्मांत एकीला कोण शोधंल? ती इंगोले ऐकली नाही. तिला वाटलं, सरांनी छापून दिलंय, नाव कळणार नाही." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पाच मिनिटं लागली तुम्हाला."

"मॅडम, मी कौतुक करत होतो."

"ते दिसलं."

"मग मला थांबवायचं होतंत."

"भर वर्गात, मुलींपुढं, डॉक्टरला मी थांबवू?"

मी गठ्ठा उचलला. दारापर्यंत गेलो आणि परत वळलो. "यादीत तिचं नाव नाही."

"मला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढची वही ओढली.

प्रणिता इंजेक्शनच्या खोलीत कापसाचे बोळे करत बसली होती. मला पाहून उभी राहिली, हातातला बोळा पुरा करून डब्यात टाकला.

"तुझं नाव लागलं नाही," मी म्हणालो.

"समजलं सर."

"दुसऱ्यांदा तू असं का लिहिलंस? सगळीकडे सहमत?"

ती विचार करत राहिली. उत्तर लपवण्यासाठी नाही, नीट द्यावं म्हणून. "सगळ्याइनं माह्यासारखं लिहिलं, सर. मंग माह्यासारखं लिहून मी काय करू? तुमी इचारलं असतं, हे कोणाचं, तं पुन्हा मीच उभी राहिली असती. म्हणून मी त्याइचं पयलं लिहिलं."

"मग खूण तरी बदलायची होतीस."

"आईचं नाव कसं बदलू?"

तिनंच पुढं सांगितलं, बोळे करता करता. तिची आई तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आया होती, बावीस वर्षं. "भांडं तीच उचलते, म्हणून कोणत्या पेशंटले लघवी नाही झाली, ते तिलेच पयले समजते. ती सिस्टरले सांगते. सिस्टर म्हणते, बरं. डॉक्टरपर्यंत जातच नाही ते. एकदा एक बाई तशीच गेली. आई दोन दिवस जेवली नाही." तिनं डब्याचं झाकण लावलं. "तुमच्या फॉर्मवर आईचं अक्षर मागितलं होतं नं, तं मले ते आठवलं. म्हणून लिहिलं."

"मी सरांशी बोलतो," मी म्हणालो. "आजच बोलतो."

"नोका बोलू, सर." पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती आली. "तुमी चांगलेच बोलता. पण तुमी बोलले का माहं नाव निघते."

तरी मी गेलो. पं-१४ चे दोन्ही फॉर्म हातात होते, पहिला आणि दुसरा. दोन्ही सरांपुढं ठेवायचे आणि सांगायचं की सर, या सगळ्या थिसिसमध्ये एकीनंच खरं उत्तर दिलंय, आणि ते मी वाया घालवलंय. जिन्यात मी हे वाक्य दोनदा घोकलं होतं.

सर फोनवर होते. हातानंच बस म्हणाले. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "यादी लावलीस?"

"हो सर." ती खिशातच होती.

"थिसिस बांधायला कधी टाकणार? तुझ्यासाठी मी बाहेरच्या परीक्षकांशी बोलून ठेवलंय."

तिचं नाव घेतलं तर तिला आणखी त्रास होईल, असं मी स्वतःला सांगितलं. तीच तर नको म्हणाली होती. आजही मला हे नीट उलगडत नाही, की तेव्हा मी तिचं ऐकलं, की माझ्या सोयीचं होतं तेवढंच ऐकलं.

"आयसीयू संपलं की महिनाभरात, सर," मी म्हणालो, आणि खाली येऊन यादी बोर्डावर लावली.

थिसिस पास झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नवव्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "नर्सिंगच्या विद्यार्थिनींमध्ये इतकं एकमत? समासात सगळ्यांनी तेच लिहिलंय?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, फार महत्त्वाचं आहे हे, यावर वेगळा लेख लिही. मी लिहिला. त्या लेखावर मला पुढं नोकरी लागली.

त्या एकोणचाळीस जणींनी ते वाक्य नुसतं उतरवलं होतं की त्यांनाही ते म्हणायचं होतं, हे मला कधीच ठरवता आलं नाही. कागद फाटेपर्यंत रेघ ओढणारी मुलगी कोण, हे शोधणं सोपं होतं. मी शोधलं नाही. तेवढं मात्र शिकलो होतो. प्रणिता पुढं कुठं नोकरीला लागली, मला माहीत नाही. चौकशी केली तर पुन्हा नाव घ्यावं लागेल, म्हणून मी कोणाला विचारलंही नाही.

परवा एका विद्यार्थ्याला दाखवायला मी ग्रंथालयातून माझा थिसिस काढला. एकशे बारा पानं. नर्सिंगच्या विद्यार्थिनी चाळीस, वापरलेले फॉर्म एकोणचाळीस. त्रेचाळिसाव्या पानावर तळाशी तिच्याबद्दलचं एक वाक्य आहे. ते मीच लिहिलं होतं आणि टाइप करताना माझा हात थांबल्याचं मला आठवत नाही.

'एक फॉर्म बाद. कारण: विद्यार्थिनीने वाक्ये वाचलेली नाहीत.'